डिग्री एकीकडे, तास दुसरीकडे: अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञ (आरडी) होऊ पाहणाऱ्यांसाठी

आपल्याकडे इंटर्नशिप म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो एमबीबीएसची शेवटची परीक्षा दिलेला, रात्री जागून डोळे तारवटलेला पोरगा. त्याला ती मागायला कुठे जावं लागत नाही. परीक्षा झाली की इंटर्नशिप आपसूक येते, वर थोडंफार विद्यावेतनही हातात पडतं. त्यामुळे अमेरिकेत न्यूट्रिशनमध्ये एमएस करायला निघालेल्या आपल्या मुली 'डायटेटिक इंटर्नशिप' हा शब्द ऐकतात तेव्हा मनात तेच चित्र असतं: दोन वर्षं डिग्री, मग इंटर्नशिप, मग नोकरी.

माझ्याही मनात तेच होतं. नाशिकला होम सायन्स करून मी मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात आले. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका अमेरिकन मुलीने विचारलं, "तू डीपीडी करतेयस की नुसती एमएस?" मी ठोकून दिलं, "दोन्ही." आणि खोलीवर येऊन डीपीडी म्हणजे काय ते शोधत बसले. शोधता शोधता कळलं की इथली इंटर्नशिप डिग्रीच्या शेपटाला बांधलेली नसते. तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी मुलाखत, बहुतेक ठिकाणी वेगळी फी. आणि नकारही येतो. मला पहिल्या वर्षी सगळीकडून आला.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलींना हे फोनवर इतक्या वेळा सांगितलंय की आता एकदाचं लिहूनच काढते.

तीन खिडक्या

अमेरिकेत नोंदणीकृत आहारतज्ज्ञाला रजिस्टर्ड डायटिशियन म्हणतात, थोडक्यात आरडी. २०१३ पासून त्यालाच आरडीएन असंही लिहिता येतं. शेवटचा एन न्यूट्रिशनिस्टचा. फरक काही नाही. ही पदवी विद्यापीठ देत नाही, ती देते सीडीआर, म्हणजे कमिशन ऑन डायटेटिक रजिस्ट्रेशन. सीडीआरची परीक्षा पास झालात की तुम्ही आरडी. पण परीक्षेला बसू देण्याआधी सीडीआर तीन गोष्टी मागतं.

पहिली गोष्ट, ठरावीक विषय शिकल्याचा दाखला. एसेंड नावाची संस्था आहारशास्त्राच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिने मान्यता दिलेल्या वर्गातल्या शिक्षणाला डीपीडी म्हणतात. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, रुग्णाचा आहारोपचार, मोठ्या स्वयंपाकघराचं व्यवस्थापन, समुपदेशन, असा सगळा गठ्ठा. तो संपला की संचालक एक कागद देतात, व्हेरिफिकेशन स्टेटमेंट. दिसायला किरकोळ, पण पुढे प्रत्येक टेबलावर तोच मागतात. पासपोर्टासारखा जपा.

दुसरी गोष्ट, देखरेखीखाली केलेलं प्रत्यक्ष काम, किमान १००० तास. पूर्वी ही अट १२०० तासांची होती. एसेंडच्या २०२२ च्या मानकांत ती खाली आली. हे तास जिथे होतात तीच डायटेटिक इंटर्नशिप, डीआय.

तिसरी गोष्ट, मास्टर्सची पदवी. ही अट १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. त्याआधी बॅचलर्सवर काम भागायचं, म्हणून २०२४ च्या आधी आरडी झालेल्या एखाद्या ताईचा सल्ला घेताना हे डोक्यात ठेवा. तिने चढलेला जिना आता तसा राहिलेला नाही.

तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला एका खिडकीवर, शिक्का दुसऱ्या आणि सही तिसऱ्या खिडकीवर असते ना, तसंच हे. एमएस मिळाली म्हणजे एका खिडकीचं काम झालं. बाकीच्या दोन त्याच विद्यापीठात असतील असं कुणी कबूल केलेलं नाही. न्यूट्रिशन सायन्सचे कितीतरी उत्तम एमएस अभ्यासक्रम असे आहेत की त्यात ना डीपीडी, ना तास. संशोधनाला ते सोन्यासारखे. आरडी व्हायला मात्र अर्धवट.

आणखी एक गंमत. सीडीआरला मास्टर्स लागते, पण ती न्यूट्रिशनमध्येच हवी असा हट्ट नाही. त्यामुळे तुम्ही एसएनडीटीतून किंवा निर्मला निकेतनमधून आधीच एमएस्सी केली असेल, तर अमेरिकेत दुसरी मास्टर्स करण्याआधी मार्कशीटचं मूल्यमापन करून घ्या. भारतातली तीन वर्षांची बीएस्सी आणि दोन वर्षांची एमएस्सी मिळून इथल्या कशाच्या बरोबरीची, हे मूल्यमापन करणारी संस्था ठरवते, आणि संस्थेगणिक उत्तर बदलू शकतं. एसेंडने मान्य केलेल्या संस्थांची यादी असते, त्यातलीच निवडा. नुसता सारांश देणारा स्वस्तातला अहवाल चालत नाही, एकेक विषय उलगडून दाखवणारा लागतो. बरोबरी मास्टर्सशी ठरली, तर तुम्हाला फक्त डीपीडीचे राहिलेले विषय आणि तास हवेत. लाखो रुपये वाचू शकतात.

आणि हो, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी तुमच्याकडे असेल तर अभिमान जरूर बाळगा, बायोडेटात लिहा. पण अक्षरं तीच असली तरी ती इथे आपोआप चालत नाही.

तास डिग्रीच्या आत की बाहेर?

कुणी मला ॲडमिशनची बातमी सांगायला फोन केला की अभिनंदनानंतर मी एकच प्रश्न विचारते: तास कुठे होणार?

रस्ते ढोबळमानाने दोन. एकात सगळं एका छपराखाली असतं. कोऑर्डिनेटेड प्रोग्रॅम, एमएस आणि डीआय जोडून देणारे अभ्यासक्रम, आणि नव्या पद्धतीचे ग्रॅज्युएट प्रोग्रॅम, ज्यात शिकणं आणि तास एकमेकांत विणलेले असतात. यातल्या काहींत इंटर्नशिपसाठी वेगळा अर्जच नसतो. विद्यापीठाचा प्रवेश तोच अर्ज. दुसऱ्या रस्त्यावर तुम्ही एमएस आणि डीपीडी एका ठिकाणी करता आणि शेवटच्या वर्षात देशभरच्या डीआयना अर्ज पाठवता. मी या दुसऱ्या रस्त्याची.

अमेरिकन मुलीच्या दृष्टीने हा पसंतीचा प्रश्न आहे. आपल्या दृष्टीने तो व्हिसाचा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबते.

तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असता. तास डिग्रीच्या आत असतील, अभ्यासक्रमाचाच भाग असतील, तर ते सीपीटी नावाच्या परवानगीवर करता येतात. सीपीटी विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयच देतं. सर्वसाधारणपणे आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं. मास्टर्सचा अभ्यासक्रमच पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष काम मागत असेल तर त्याला सूट आहे. लक्षात ठेवायचा आकडा बारा महिने: पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाली, तर त्या पातळीवरची ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर काही काळ काम करण्याची परवानगी, गेली. १००० तास आठवड्याला ४० च्या हिशेबाने २५ आठवड्यांत बसतात, पुष्कळ प्रोग्रॅम त्याहून लांबतात, तरी बहुधा बाराच्या आत राहतात. म्हणजे डिग्री संपल्यावर नोकरीसाठीची ओपीटी शाबूत.

तास डिग्रीच्या बाहेर असतील, तर गणित फिरतं. डिग्री झाल्यावर मिळणारी ओपीटी बारा महिन्यांची. ती इंटर्नशिपला वापरली, आणि इंटर्नशिप दहा महिन्यांची निघाली, तर उरले दोन. त्यात परीक्षा द्यायची, लागत असेल तिथे राज्याचं लायसन्स काढायचं आणि नोकरी शोधायची. नोकरी देणाऱ्या हॉस्पिटलला दोन महिन्यांच्या परवानगीवर आलेली उमेदवार कितपत आवडेल, तुम्हीच विचार करा.

यावर एक उतारा कधी कधी असतो. तुमच्या डिग्रीला सरकारी यादीतला एक कोड असतो. न्यूट्रिशन सायन्सेसचा कोड विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसतो, आणि मग ओपीटी आणखी २४ महिने वाढवता येते. डायटेटिक्सचा कोड त्या यादीत बसत नाही. एकाच विभागाच्या, एकाच मजल्यावरच्या दोन डिग्र्यांचे कोड वेगळे असू शकतात! डिग्रीच्या नावावर विसंबू नका. विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-२० नावाचा कागद देतं, त्यावर कोड छापलेला असतो, तो वाचा. मात्र वाढीव मुदत पगारी नोकरीलाच मिळते, बिनपगारी इंटर्नशिपला नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे विद्यापीठानेच चालवलेली, सर्टिफिकेट म्हणून नवा आय-२० देणारी डीआय. फी पुन्हा भरावी लागते. हॉस्पिटलं स्वतंत्रपणे चालवतात त्या डीआय बहुतेक वेळा आय-२० देऊ शकत नाहीत. आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हॉस्पिटलांमधल्या, म्हणजे व्हीएच्या इंटर्नशिप चांगल्या असतात, वर पैसेही देतात, पण त्यांना अमेरिकन नागरिकच लागतात. मी पहिल्या वर्षी सहा ठिकाणी अर्ज केले होते. त्यातल्या दोन ठिकाणी नागरिकत्वाची अट पहिल्याच पानावर लिहिलेली होती. मी थेट तिसऱ्या पानापासून वाचायला घेतलं होतं.

व्हिसाचे नियम बदलत असतात. मी इथे आराखडा सांगितला. तुमच्या बाबतीतला शेवटचा शब्द विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याचा. विचाराल ते मेलवर विचारा, तोंडी नको.

अर्जात काय काय असतं

अर्ज डायकॅस नावाच्या एका सामाईक ऑनलाइन खिडकीतून जातो. एकदा भरला की तोच अनेक ठिकाणी पाठवता येतो. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी फी. काही प्रोग्रॅम त्याव्यतिरिक्त स्वतःचाही फॉर्म मागतात.

जुन्या सीनिअर मुली 'मॅच'च्या गोष्टी सांगतील. पूर्वी उमेदवार पसंतीक्रम द्यायचे, प्रोग्रॅम त्यांचा क्रम द्यायचे आणि संगणक जोड्या लावायचा. एक काळ असा होता की अर्ज करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांची जोडी लागायची. निकालाच्या संध्याकाळी वसतिगृहात एका खोलीत पेढे आणि शेजारच्या खोलीत रडारड. ती संगणकी जोडणी आता बंद झाली आहे, प्रोग्रॅम थेट जागा देऊ करतात. तेव्हा पसंतीक्रम कसा लावावा यावरचे जुने लेख सरळ सोडून द्या.

डायकॅसमध्ये सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे विषयांची यादी. शिकलेला प्रत्येक विषय, क्रेडिट आणि ग्रेड स्वतःच्या हाताने भरायची, आणि डीपीडीचे कोणते, विज्ञानाचे कोणते ते खूण करून सांगायचं. त्यावरून वेगवेगळे जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेड, काढतात. ३.० च्या खाली असाल तर बरेच प्रोग्रॅम पुढे पाहत नाहीत. डीपीडी अजून चालू असेल, आणि एमएस करता करता अर्ज करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची तीच स्थिती असते, तर व्हेरिफिकेशन स्टेटमेंटच्या जागी 'ही अमुक तारखेपर्यंत पूर्ण करणार आहे' असं संचालकांचं पत्र जातं. ते पत्र त्या स्वतः ऑनलाइन भरतात. त्यांच्या मागे पन्नास विद्यार्थी असतात. नाताळच्या सुट्टीआधी त्यांना आठवण करा.

शिफारसपत्रं तीन. इथे आपली सवय आड येते. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग आपण लिहितो: सालस, मेहनती, वक्तशीर, वर्तणूक चांगली. डायकॅसमध्ये शिफारस करणाऱ्याला स्वतःच्या मेलवर दुवा जातो. त्यांनी तुम्हाला एकेका गुणावर श्रेणी द्यायची, खाली मजकूर लिहायचा, आणि तुम्ही ते पत्र बघण्याचा हक्क सहसा आधीच सोडून दिलेला असतो. वाचणाऱ्यांना उदाहरण हवं असतं: गर्दीत ही काय करते, चूक झाली तर कशी सांगते. नाशिकच्या माझ्या विभागप्रमुख बाईंचं पत्र अत्यंत प्रेमळ असणार याची मला खात्री आहे, पण त्या मला ओळखत होत्या त्या प्रॅक्टिकलच्या वहीवरून. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याऐवजी कॅम्पसच्या खानावळीतल्या मॅनेजरला विचारलं.

खानावळीची गोष्ट

हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा.

आपल्याबरोबर अर्ज करणाऱ्या अमेरिकन मुलींनी नर्सिंग होममध्ये, हॉस्पिटलच्या आहार विभागात दोन-तीन उन्हाळे पगारी काम केलेलं असतं. एफ-१ वर आपल्याला कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय पगारी काम करता येत नाही. सत्र चालू असताना कॅम्पसवरही आठवड्याला २० तास, तेवढंच. मग आपला बायोडेटा रिकामा दिसतो आणि आपण त्यात चर्चासत्रांची प्रमाणपत्रं भरतो.

मी पहिल्या सहा महिन्यांत वसतिगृहाच्या खानावळीत काम करत होते. घरी सांगितलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, "काम कसलं?" मी म्हणायचे, "डिपार्टमेंटचं." डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, आणि काम काय, तर गरम पदार्थांच्या टेबलावरचं तापमान दर थोड्या वेळाने नोंदवायचं. गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ५७ सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे. थंड पदार्थ ४१ फॅरनहाइटच्या, म्हणजे ५ सेल्सिअसच्या खाली. मधला पट्टा जंतूंच्या वाढीचा. एकदा मॅकरोनीचा मोठा ट्रे १२८ दाखवायला लागला. बाहेर रांग उभी. मी ट्रे उचलून आत नेला, मॅनेजरला सांगितलं आणि पाटीवर 'दहा मिनिटांत' असं लिहून ठेवलं. मुलांनी तोंडं वाकडी केली. मॅनेजर काही बोलली नाही.

तिने तिच्या शिफारसपत्रात हाच ट्रे लिहिला होता. मला हे कळलं ते मुलाखतीत, कारण समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "त्या मॅकरोनीचं काय झालं?"

इंटर्नशिपचे तास तीन प्रकारच्या जागी होतात: हॉस्पिटलमध्ये रुग्णांबरोबर, मोठ्या स्वयंपाकघरात, आणि समाजात, उदाहरणार्थ विक नावाच्या सरकारी योजनेच्या दवाखान्यात. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठीची ही योजना आपल्या अंगणवाडीची लांबची बहीण म्हणा. आपल्या मुली हॉस्पिटलचं स्वप्न पाहतात आणि स्वयंपाकघराला नाक मुरडतात. पण हा पेशाच भटारखान्यातून वर आलाय. इथल्या आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ साली क्लीव्हलँडमध्ये स्थापन झाली ती महायुद्धाच्या दिवसांत, आणि अन्न वाचवायचं कसं, हा तेव्हाचा जिवंत प्रश्न होता. तेव्हा खानावळीतली नोकरी लपवू नका, बायोडेटात वरती घ्या. किती ताटं, कोणती नोंद, ॲलर्जीची लेबलं कोण लावायचं, हे आकड्यांसकट.

आजीचा मधुमेह

वैयक्तिक निवेदन, पर्सनल स्टेटमेंट. या पेशात का यायचंय, तयारी कशी झाली, पुढे काय करायचंय, बलस्थानं आणि उणिवा कोणत्या, अशा धर्तीचे प्रश्न असतात.

माझं पहिलं निवेदन आजीच्या मधुमेहापासून सुरू झालं होतं. खरं होतं ते. आजीला मधुमेह होता, ती चोरून गूळ खायची, आणि माझा जीव तुटायचा. पण निवड समितीच्या टेबलावर त्या दिवशी किती आज्या आल्या असतील! आजी तुमची असली तरी तिच्या गोष्टीत तुम्ही फक्त बघत उभ्या असता. तुम्ही काय केलंत ते त्यात नसतं.

दुसऱ्या वर्षी मी छोल्यांवर लिहिलं. विद्यापीठात गरजू विद्यार्थ्यांसाठी फुकट शिध्याची खोली होती, तिथे मी शनिवारी जायचे. राजम्याचे, मक्याचे डबे भराभर उचलले जायचे आणि कोरड्या काबुली चण्यांच्या पिशव्या महिनोन् महिने तशाच. मला वाटलं, कुणाला आवडत नसतील. मग एकाने विचारलं, "हे दगड शिजतात?" मी एक चिठ्ठी केली: रात्री भिजत घाला, सकाळी पाणी बदला, मऊ होईपर्यंत शिजवा, मीठ शेवटी. घरी प्रेशर कुकर नसतो हे धरून, साध्या पातेल्याची वेळ लिहिली. चिठ्ठी प्रत्येक पिशवीला स्टेपल केली. तीन शनिवारांत पिशव्या संपल्या. निवेदनात मी एवढंच लिहिलं, आणि मीठ शेवटी घालण्यावरून एका केमिस्ट्रीवाल्या मुलाशी झालेला वाद. त्याचं म्हणणं, भिजवतानाच मीठ घातलं तर साल उलट मऊ पडते. त्याचं बरोबर निघालं. चिठ्ठी बदलली. उणिवांच्या प्रश्नाला तेच उत्तर झालं.

मुलाखतीबद्दल एक बारीकशी गोष्ट. आपण मराठीत बोलताना 'मी केलं' म्हणायला संकोचतो. 'आम्ही केलं', 'झालं ते' असं बोलून जातो. इंग्रजीतही ते तसंच उतरतं, आणि समोरच्याला कळत नाही की यात तुमचा हात कुठे होता. घरी मोठ्याने 'मी' म्हणायचा सराव करा. विचित्र वाटतं, पण जमतं.

कुठे अर्ज करायचा

प्रबंधाचे मार्गदर्शक आणि इंटर्नशिप यांचं फारसं जमत नाही हे आधीच सांगते. त्यांना तुम्ही प्रयोगशाळेत हव्या असता, आणि अर्जांची धावपळ येते ती नेमकी हिवाळ्यात, जेव्हा ते पहिला खर्डा मागत असतात. माझे मार्गदर्शक इंटर्नशिपला 'ते हॉस्पिटलचं काम' म्हणायचे. त्यांना सप्टेंबरातच तारखा लिहून द्या. प्रत्येक प्रोग्रॅमच्या तारखा वेगळ्या असतात. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावून त्यावर लाल पेनने मांडणं ही माझी पद्धत.

प्रोग्रॅम निवडताना मी दोन गोष्टी बघायला सांगते. एक, परीक्षेचा निकाल. एसेंडच्या नियमानुसार प्रोग्रॅमच्या विद्यार्थ्यांपैकी किमान ८० टक्के पहिल्या प्रयत्नापासून वर्षभरात पास व्हावे लागतात, तीन वर्षांच्या हिशेबाने. आकडा मागा. परीक्षा संगणकावर होते, कमीत कमी १२५ आणि जास्तीत जास्त १४५ प्रश्न, तुमच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न सोपे-अवघड होत जातात, मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. चांगला प्रोग्रॅम या परीक्षेची तयारी तासांतच करून घेतो.

दोन, प्रिसेप्टर कोण शोधणार. प्रिसेप्टर म्हणजे ज्यांच्या हाताखाली तास करायचे ते, बहुधा आरडी. कॅम्पसजवळच्या प्रोग्रॅममध्ये जागा ठरलेल्या असतात. दूरस्थ प्रोग्रॅममध्ये तुम्ही आपल्या गावात, आपल्या जबाबदारीवर प्रिसेप्टर मिळवायचे. लग्न होऊन एका शहरात स्थिरावलेल्या, नवऱ्याची नोकरी तिथेच असलेल्या मुलींना हे सोयीचं वाटतं, आणि असतंही. पण मेल टाकत बसावं लागतं, उत्तरं तुरळक येतात, आणि एखादी आरडी हो म्हणाली तरी हॉस्पिटल आणि प्रोग्रॅम यांच्यात कायदेशीर करार व्हायला महिने जातात. ओळखीच्या बाई 'हो गं, ये की' म्हणाल्या म्हणजे जागा पक्की झाली असं समजू नका. गाडी चालवता येत नसेल तर मात्र आधी ते शिका. विकचा दवाखाना एका टोकाला, डायलिसिस सेंटर दुसऱ्या टोकाला, आणि बस तासातून एक.

जागा मिळाल्यावर

होकार आला की हॉस्पिटलची कागदपत्रं सुरू होतात: पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कावीळ बी यांच्या लसी, किंवा रक्तात प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा, आणि क्षयाची तपासणी. या शेवटच्या गोष्टीपाशी आपल्यातल्या कितीतरी जणी अडखळतात.

इथे क्षयासाठी बऱ्याचदा हातावर इंजेक्शन देऊन दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, दंडावरचा तो व्रण आठवा. बीसीजीमुळे ही त्वचेची तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा फॉर्म, आणि रुजू होण्याची तारीख पुढे. माझा हात सुपारीएवढा फुगला होता; नर्स दोन पावलं मागे सरकली. क्षयासाठी रक्ताचीही तपासणी असते आणि तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हातावरचं इंजेक्शन घेण्याआधीच सांगा की मला बीसीजी दिलेली आहे, रक्ताची तपासणी चालेल का.

आणि लहानपणच्या लसीकरणाचं कार्ड घरून मागवून घ्या. माझं सापडणार नाही असंच मी धरून चालले होते. आईने दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: पिवळं पडलेलं, कडेला हळदीचा डाग, बँकेच्या जुन्या पासबुकाच्या प्लास्टिक पाकिटात रेशनकार्डाला चिकटून बसलेलं. खाली तिचा प्रश्न होता, "आता तरी सांग, तिकडे काम कसलं करतेस?"